रांग की शर्यत? दूरसंचार परवान्यांची पार्श्वभूमी

गेम थिअरीत, म्हणजे एकाचा फायदा दुसऱ्याच्या चालीवर अवलंबून असतो अशा निर्णयांच्या शास्त्रात, 'एकाच वेळी केलेली चाल' म्हटले की माणूस घड्याळाकडे पाहतो, आणि फसतो तिथेच. सीलबंद निविदा एकाने सोमवारी टाकली, दुसऱ्याने शुक्रवारी, तरी चाल एकाच वेळची. कारण शुक्रवारवाल्याला सोमवारचा आकडा ठाऊक नसतो. आकडा फुटला की तोच खेळ आधी-नंतरचा होतो. 1838 मध्ये एका फ्रेंच गणितज्ञाने झऱ्याचे पाणी विकणाऱ्या दोघांचे गणित मांडले, ते पहिल्या प्रकारचे. 1934 मध्ये एका जर्मन अर्थतज्ज्ञाने अशा दोघांतल्या एकाला पुढे काढले आणि दुसऱ्याला त्याची चाल पाहून चालायला लावले. कोणाला काय ठाऊक आहे हे आकृतीत काटेकोर दाखवण्याची आजची रीत 1953 ची.

आपल्याकडे 1995 मध्ये टेलिफोन सेवेचे परवाने बंद लिफाफ्यांनी द्यायचे ठरले. एका कंपनीच्या गटाने नऊ सर्कलसाठी (सर्कल म्हणजे परवान्यासाठी पाडलेले देशाचे विभाग) 15 वर्षांचे मिळून सुमारे 85,000 कोटी रुपये लिहिले. लिफाफे उघडल्यानंतर सरकारने एका बोलीदाराला किती मोठी सर्कल मिळतील यावर मर्यादा घातली. म्हणजे सगळ्यांच्या चाली झाल्यावर शेवटची चाल सरकारची. न्यायालयाने ती ग्राह्य धरली. पुढे 1999 च्या धोरणाने ठरलेल्या रकमेऐवजी महसुलातला वाटा घेणे सुरू झाले. नियम मागाहून सैल होतो हे दिसले, की पुढचा बोलीदार आकडा सांभाळून कशाला लिहील?

पण खरा वाद 2008 चा, मोबाइलच्या (टूजी) परवान्यांचा. 'आधी येईल त्याला आधी' हा शुद्ध क्रमाचा खेळ, असे कागदावर. देशभराच्या परवान्याची किंमत 2001 चीच, 1,658 कोटी. अर्ज आले 575. त्यांची शेवटची तारीख 1 ऑक्टोबर 2007 जाहीर झाली होती. पण 25 सप्टेंबरपर्यंतचेच अर्ज, म्हणजे 232, विचारात घेणार हे कळले 10 जानेवारी 2008 ला. त्याच दुपारी पावणेतीनच्या सुमारास निवेदन निघाले, की साडेतीन ते साडेचार या तासात येऊन इरादापत्रे (परवाना देण्याची तयारी कळवणारी सरकारी पत्रे) घेऊन जा. शिवाय ज्येष्ठता अर्जाच्या तारखेवर नाही, तर इरादापत्राच्या अटी आधी कोण पुऱ्या करतो यावर. रांगेत उभे राहिलेल्यांना कळले की ही शर्यत आहे. काहींचे कोट्यवधींचे डिमांड ड्राफ्ट मात्र तयार होते. क्रम घड्याळाने लागला असे म्हणायचे. खरे तर तो आधी माहिती असण्याने लागला. फेब्रुवारी 2012 मध्ये न्यायालयाने 122 परवाने रद्द केले. फौजदारी खटल्यात 2017 मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले, तेही नोंदवायला हवे. पण खेळाची मांडणी त्याने बदलत नाही.

मधल्या काळात, 2010 मध्ये, थ्रीजीच्या लहरींचा (स्पेक्ट्रमचा) लिलाव झाला आणि शब्दाचा गुंता वाढला. त्याचे अधिकृत वर्णनच 'एकाच वेळी, चढत्या बोलीचा' असे. इथे 'एकाच वेळी' म्हणजे सगळी सर्कल एकदम विक्रीला. खेळाडूंच्या चालींशी त्याचा संबंध नाही. चाली दोन्ही प्रकारच्या होत्या. एका फेरीच्या आत सगळे एकमेकांपासून झाकलेले, पण फेरी संपली की भाव आणि मागणी पाहून पुढचा आकडा. 34 दिवस, 183 फेऱ्या, सुमारे 67,700 कोटी. लिफाफ्यात एकदाच चुकता येते. इथे दर फेरीला थांबता येत होते.

2022 च्या फाइव्ह-जी लिलावातही फेऱ्याच होत्या: सात दिवस, 40 फेऱ्या, दीड लाख कोटी. बोलीदार चारच, त्यामुळे बहुतेक ठिकाणी भाव मूळ किमतीवरून हललाच नाही. दिवस खाल्ले ते मुख्यतः पूर्व उत्तर प्रदेशातल्या 1800 मेगाहर्ट्झच्या लहरींच्या पट्ट्याने.