सूर्यघरचा अर्ज: गोव्यात फाइल नेमकी कुठे अडते

घरातले ताजे वीज बिल काढा आणि वरचे नाव वाचा. ती व्यक्ती हयात आहे का? तिच्या आधार कार्डावर हेच नाव, याच स्पेलिंगने आहे का? याच नावाने बँकेत खाते आहे का? तिन्ही उत्तरे 'होय' असतील तर छतावरच्या सौर पॅनेलसाठी केंद्र सरकारची सबसिडी देणाऱ्या 'पीएम सूर्यघर: मुफ्त बिजली योजने'चा अर्ज एका बैठकीत भरून होतो. एक जरी 'नाही' आले तर आधी नाव दुरुस्त करा, अर्जाचे नंतर बघा. नाहीतर छतावर पॅनेल चढतात, वीज सुरू होते, विक्रेता पैसे घेऊन मोकळा होतो आणि सबसिडी मात्र खात्यात येत नाही.

गोव्यात हा घोळ घरोघरी आहे. मीटर आजोबांच्या नावावर, आजोबांना जाऊन वीस वर्षे झालेली, घराची वाटणी नाही आणि बिल तर नियमित भरले जाते, म्हणून नाव बदलायचे कोणाच्या मनातही आले नाही. त्यात जुन्या नोंदींत आडनावे पोर्तुगीज वळणाची. बिलावरच्या 'नाईक'चा शेवट क्यू-यू-ई असा आणि आधारवर नुसता के. माणसाला ते एकच आडनाव वाटते, पण संगणकाला ती दोन माणसे दिसतात. नुसत्या स्पेलिंगचा फरक असेल तर वीज खात्याच्या उपविभाग कार्यालयात आधारची प्रत जोडून नाव दुरुस्तीचा अर्ज द्या आणि दुरुस्त नावाचे पुढचे बिल हातात येईपर्यंत थांबा.

ग्राहक हयात नसेल तर मृत्यू दाखला, घरपट्टीची चालू पावती आणि वारसांची ना-हरकत लागते. खरी कसोटी या ना-हरकतीची. गोव्याच्या नागरी कायद्यात मुलगा-मुलगी समान वारस आहेत आणि लग्नानंतर मालमत्ता पती-पत्नीची सामाईक होते. त्यामुळे लग्न झालेल्या बहिणी तर आल्याच, शिवाय प्रत्येकाच्या जोडीदाराची सहीही मागितली जाऊ शकते. एक भाऊ लिस्बनला, दुसरा दुबईत. परदेशातली सही तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून मागवा; मोबाइलवर आलेला सहीचा फोटो काउंटरवर चालत नाही. वारस कोण, यावरच प्रश्न उठला तर सब-रजिस्ट्रारच्या कार्यालयातल्या स्पेशल नोटरीकडे वारसापत्र करावे लागते. नातेवाईक सही द्यायला कचरतात, कारण मीटर गेला म्हणजे घर गेले अशी भीती असते. मीटरवरचे नाव हा मालकीचा निवाडा नव्हे. 'ही संमती फक्त वीज जोडणीच्या नावापुरती असून घरातील माझा हक्क अबाधित आहे' असे एक वाक्य ना-हरकतीत घाला, अडलेल्या सह्या बहुधा सुटतात.

एक-चौदाचा उतारा पुष्कळजण घेऊन येतात. तो जमिनीचा कागद आहे. घर आणि छत तुमच्याकडे आहे हे दाखवायला घर क्रमांक असलेली घरपट्टीची पावतीच कामी येते, आणि तिच्यावरचा घर क्रमांक बिलावरच्या पत्त्याशी जुळायला हवा.

पात्रतेचे बाकीचे सोपे आहे. अर्जदार भारतीय नागरिक हवा, पॅनेल बसवण्याजोगे छत हवे, जोडणी घरगुती हवी आणि आधी सौर पॅनेलसाठी दुसरी सबसिडी घेतलेली नसावी. 'घरगुती' हा शब्द मात्र बिलावर तपासा. पर्यटकांना खोल्या देण्यासाठी एकदा व्यावसायिक दर लावून घेतला आणि धंदा बंद झाल्यावरही तो तसाच राहिला, असे किनारपट्टीच्या गावांत सर्रास दिसते. अशा जोडणीला ही सबसिडी नाही. गृहनिर्माण संस्थेला लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये मिळतात.

सबसिडीचा हिशेब असा: पहिल्या 2 किलोवॅटना प्रत्येकी 30,000, तिसऱ्याला 18,000, म्हणजे कमाल 78,000. पुढे 5 किलोवॅट बसवा की 8, रक्कम तीच. इथे एक बारीक गोष्ट निसटते. क्षमता मोजताना पॅनेल आणि इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारे यंत्र) यांतली जी कमी, ती धरतात. 540 वॅटची 6 पॅनेल म्हणजे 3.24 किलोवॅट, पण त्यांना 2.5 किलोवॅटचा इन्व्हर्टर जोडला तर सबसिडी अडीचवर. कोटेशनमध्ये दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून घ्या. कोटेशन जुने असेल तर कराची ओळही पाहा: 22 सप्टेंबर 2025 पासून सौर उपकरणांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला आहे.

दुसरा सापळा डीसीआरचा, म्हणजे देशी मालाच्या अटीचा. सबसिडीसाठी पॅनेल भारतात बनलेले असणे पुरत नाही, त्यातले सेलही भारतात बनलेले हवेत. 'आमचे पॅनेल सरकारच्या एएलएमएम, म्हणजे मंजूर उत्पादकांच्या यादीत आहेत' असे विक्रेता सांगतो, ते खरेही असते, पण पॅनेलच्या त्या यादीत बाहेरून आणलेले सेल वापरणारी पॅनेलही बसतात. ती स्वस्त पडतात, म्हणून कोटेशन आकर्षक दिसते. पॅनेल छतावर चढवण्यापूर्वी प्रत्येकाच्या मागचा अनुक्रमांक फोटोत घ्या आणि उत्पादकाच्या डीसीआर प्रमाणपत्राशी ताडून पाहा. एकदा सांगाड्यावर बसले की मागची बाजू वाचायला माणूस पुन्हा वर चढवावा लागतो.

पोर्टलवरच्या पायऱ्या थोडक्यात: राज्य आणि वीज खाते निवडून बिलावरचा ग्राहक क्रमांक टाका, नोंदणी करा, अर्ज भरा, मंजुरीनंतर यादीतलाच विक्रेता निवडा, उभारणी करा, तपशील आणि संचासोबतचा अर्जदाराचा फोटो चढवा, नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली वीज मोजणारा) बसवून घ्या, तपासणी होऊन कार्यान्वयनाचा, म्हणजे संच अधिकृतपणे सुरू झाल्याचा दाखला आला की बँक तपशील द्या. मुलाचे खाते देऊ नका. मंजुरीआधी सांगाडा उभारू नका.

आता मुदतीबद्दल, कारण ती चुकीची वाचली जाते. फेब्रुवारी 2024 च्या केंद्रीय दुरुस्ती नियमांनुसार 10 किलोवॅटपर्यंतचा अर्ज तांत्रिक अभ्यासाशिवाय स्वीकारलेला मानायचा आहे आणि मंजूर भार (जोडणीला मंजूर असलेले किलोवॅट) वाढवायचा असेल तर तोही वीज खात्यानेच वाढवायचा आहे. पण नियमातले शब्द 'सर्व बाबतींत पूर्ण अर्ज' असे आहेत. एक पान कमी असेल तर ही तरतूद लागूच होत नाही. कार्यान्वयनासाठी खात्याला दिलेले 15 दिवसही अर्जापासून मोजायचे नसतात. उभारणीचे प्रमाणपत्र दिल्यापासून ते सुरू होतात. म्हणून ते प्रमाणपत्र देताना पोच घ्या, तारीख-शिक्क्यासह. काउंटरवर 'ठेवून जा, बघतो' असे ऐकवले जाते. ठेवून जाऊ नका. पोच देणे हे उपकार नाहीत, कार्यालयाचे कामच आहे. आणि योजना आर्थिक वर्ष 2026-27 पर्यंतची आहे, तेव्हा सह्या गोळा करायला लागणारे महिने आजच मोजून घ्या.

मंजुरी मिळाली तरी संच नीट चालेल याची खात्री नसते, आणि त्याचे कारण कागदात सापडत नाही. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या निकषानुसार व्होल्टेज 110 टक्क्यांवर, म्हणजे 230 च्या हिशेबाने 253 व्होल्टवर गेले की इन्व्हर्टरने 2 सेकंदांत लाइनपासून सुटायचे असते. एका फेजवर 5 किलोवॅट म्हणजे सुमारे 22 अँपियर. खांबापासून घरापर्यंतच्या दोन्ही तारांचा मिळून रोध अर्धा ओहम असेल तर इन्व्हर्टरपाशी व्होल्टेज 11 ने चढते. दुपारी खांबावरच 243 असेल तर झाले 254, आणि भर उन्हात संच बंद. वाड्याच्या (वस्तीच्या) टोकाला, ट्रान्सफॉर्मरपासून लांब असलेल्या घरांत हे हमखास होते. अर्जाआधी आठवडाभर दुपारी 12 ते 2 मीटरपाशी व्होल्टेज मोजून लिहून ठेवा. 240 च्या वर राहत असेल तर जाड सर्व्हिस वायर किंवा ट्रान्सफॉर्मरच्या टॅपची (व्होल्टेज वर-खाली करणाऱ्या जोडणीची) दुरुस्ती लेखी मागा. 5 किलोवॅटपर्यंत वितरण व्यवस्थेची मजबुती खात्याने स्वतःच्या खर्चाने करायची, असे फेब्रुवारी 2024 च्या त्याच नियमांत आहे. इन्व्हर्टरची मर्यादा गुपचूप वर सरकवून देतो म्हणणाऱ्या तंत्रज्ञाला नकार द्या, त्या चढ्या व्होल्टेजवर शेजाऱ्याचा फ्रिजही चालत असतो.

लाइन गेली की हा संचही थांबतो, खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवासाठी. पावसाळ्यात दिवे हवे असतील तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागेल; बॅटरीला सबसिडी नाही.

किती किलोवॅट घ्यायचे? 1 किलोवॅटला साधारण 10 चौरस मीटर सावलीविना जागा लागते आणि वर्षाची सरासरी दिवसाला 4 युनिट येते, जून ते ऑगस्टमध्ये बरीच कमी. माडाच्या एका झावळीची सावली पॅनेलचा तिसरा हिस्सा बंद पाडते. नेट मीटरिंगमध्ये जादा युनिट पुढच्या महिन्यात जातात, पण हिशेब 31 मार्चला संपतो. एप्रिल-मेची शिल्लक पावसाळ्यात उपयोगी पडते; हिवाळ्यात साठलेली शिल्लक मार्चअखेर निकाली निघते. गोव्यातले घरगुती दर खालच्या टप्प्यांत कमी आहेत, त्यामुळे महिन्याला दीडशे युनिट वापरणाऱ्या घराने 3 किलोवॅट बसवले तर खर्चाची वसुली लांबते. तिथे दीड ते 2 पुरतात. स्थिर आकार मात्र बिलात राहतोच.

समुद्राजवळ सांगाडा गरम जस्त विलेपनाचा आणि नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्या. डीसी (पॅनेलची बाजू), एसी (घराची बाजू) आणि वीजरोधक (आकाशातली वीज जमिनीत नेणारा) यांचे अर्थिंग वेगवेगळे करा आणि अर्थिंगच्या रोधाची मोजणी मे महिन्यात घ्या. चिऱ्याची जमीन पावसात छान आकडा दाखवते, उन्हाळ्यात तोच आकडा कितीतरी पट होतो.

नेट मीटरनंतरच्या पहिल्या बिलात 'घेतलेले' आणि 'दिलेले' असे दोन आकडे स्वतंत्र दिसले पाहिजेत. दिलेल्याच्या जागी शून्य असेल तर त्याच आठवड्यात मीटरच्या फोटोसह लेखी तक्रार द्या. उत्तर आले नाही तर खात्याच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जा. तिथेही पहिला प्रश्न पोच कुठे आहे, हाच असतो.