वंशपरंपरागत संसद सदस्य, जपानमधील

आईवडील, आजोबा, सासरे किंवा अन्य निकटच्या आप्ताची लोकप्रतिनिधित्वाची परंपरा निवडणुकीच्या मार्गाने पुढे चालविणारे जपानी संसदेचे सदस्य. जपानीत त्यांना ‘सेशू गिइन’ म्हणतात. या वर्गात कोणाला धरावे, याबद्दल एकवाक्यता नाही. काही अभ्यासक आप्ताचाच मतदारसंघ मिळालेल्यांपुरती ही संज्ञा मर्यादित ठेवतात, तर काही कोणत्याही मतदारसंघातून आलेल्या आप्ताचा तीत समावेश करतात. साहजिकच आकडे बदलतात. तथापि १९८० च्या दशकाच्या अखेरीस प्रतिनिधिगृहातील लिबरल डेमॉक्रॅटिक पक्षाच्या सदस्यांत त्यांचे प्रमाण एक-तृतीयांशाहून अधिक होते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

प्रथेच्या उगमाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार तिची मुळे १८९० च्या पहिल्या निवडणुकीपासूनच्या स्थानिक प्रतिष्ठितांच्या राजकारणात आहेत. त्या वेळी १५ येन वा अधिक प्रत्यक्ष कर भरणाऱ्या पुरुषांनाच मताधिकार होता. दुसरे मत युद्धोत्तर निवडणूकपद्धतीवर भर देते व ते अधिक ग्राह्य वाटते, कारण वारसदारांची संख्या ठळकपणे वाढली ती १९६० नंतर. १९४७ ते १९९३ या काळात बहुतेक मतदारसंघांतून तीन ते पाच सदस्य निवडले जात. मतदाराला मत मात्र एकच असे. बहुमतासाठी एकाच मतदारसंघात अनेक उमेदवार उभे करणे सत्ताधारी लिबरल डेमॉक्रॅटिक पक्षाला भाग होते. स्वपक्षीयाशीच लढताना पक्षाचे नाव उपयोगी पडत नसल्याने प्रत्येक उमेदवार ‘कोएन्काई’ ही स्वतःची समर्थक संघटना बांधी. नेता निवर्तला की अनुभवी सचिव, प्रांतिक विधिमंडळाचे सभासद असे अनेक इच्छुक पुढे येत आणि संघटना फुटण्याची भीती निर्माण होई. अशा वेळी मुलगा, जावई किंवा विधवा पत्नी हे नाव सर्वांना चालण्याजोगे ठरे. शिवाय राजकीय निधिसंस्थेतील शिल्लक वारसाच्या संस्थेकडे वळविल्यास तीवर वारसा कर बसत नाही, ही सोय आजही टीकेचा विषय आहे.

योकोसुका येथील कोइझुमी घराणे हे याचे परिचित उदाहरण होय. अंगावरील गोंदणामुळे ‘गोंदणवाले मंत्री’ म्हणून ओळखले गेलेले माताजिरो, त्यांच्या घरात दत्तक आलेले जावई जुन्या, नातू जुन्इचिरो आणि पणतू शिन्जिरो अशा चार पिढ्या संसदेत गेल्या. वारसा म्हणजे हमखास विजय असे मात्र नाही. वडिलांच्या मृत्यूनंतर १९६९ मध्ये लढविलेली पहिली निवडणूक जुन्इचिरो हरले व १९७२ मध्ये निवडून आले. पुढे (२००१–०६) ते पंतप्रधान झाले. त्यांच्यानंतर लागोपाठ पंतप्रधान झालेले शिन्झो आबे, यासुओ फुकुदा, तारो आसो व युकिओ हातोयामा हे चौघेही माजी पंतप्रधानांचे पुत्र वा नातू होते.

१९९४ च्या सुधारणेने एकसदस्यीय मतदारसंघ आणि प्रमाणशीर प्रतिनिधित्व यांची संमिश्र पद्धत आणली. तीमुळे नवागतांमधील वारसदारांचे प्रमाण घटले, परंतु प्रथा संपली नाही. २००९ मध्ये प्रतिस्पर्धी डेमॉक्रॅटिक पक्षाने निकटच्या आप्ताला तोच मतदारसंघ न देण्याचे धोरण जाहीर केले. लिबरल डेमॉक्रॅटिक पक्षानेही तशी तयारी दर्शविली, पण खुल्या निवडप्रक्रियेतून आप्ताला उमेदवारी मिळण्याची वाट मोकळी ठेवली. २०१२ मध्ये यासुओ फुकुदांचे पुत्र तात्सुओ वडिलांच्याच गुन्मा मतदारसंघातून विजयी झाले. आकिता प्रांतातील शेतकरी कुटुंबातून आलेले योशिहिदे सुगा (पंतप्रधान, २०२०–२१) हे लिबरल डेमॉक्रॅटिक पक्षाच्या अलीकडील नेतृत्वातील एक अपवाद ठरतात.