आपद्धर्म (साहित्यातला)

आपद्धर्म म्हणजे जिवावर बेतलं असताना, एरवी जे करायचं नाही ते करायची मुभा. धर्मशास्त्रात याची लांबलचक चर्चा आहे, महाभारताच्या शांतिपर्वात तर या नावाचं अख्खं उपपर्वच आहे, पण ही नोंद शास्त्राबद्दल कमी आणि गोष्टींबद्दल जास्त. कॅरेक्टरला अडचणीत टाकायचं आणि मग तो काय करतो ते बघायचं, हा खेळ फार जुना आहे आणि त्यात दोन दाब कायम वापरले जातात, एक पोटाचा आणि दुसरा महत्त्वाकांक्षेचा. शाळेच्या निबंधात दोन्ही वेगवेगळे असतात, भुकेला तो बिचारा आणि हावरा तो व्हिलन. चांगल्या लेखकाकडे एवढं सोपं नसतं, भूक कुठे संपली आणि हाव कुठे सुरू झाली हे बऱ्याचदा त्या माणसालाही कळत नाही, आणि कळलं तरी तो ते मान्य करत नाही.

या विषयातली सगळ्यात छोटी आणि माझ्या मते सगळ्यात धारदार गोष्ट छांदोग्य उपनिषदात, पहिल्याच अध्यायात आहे. कुरुदेशात पिकं झोडपली गेली, दुष्काळ पडला, आणि उषस्ती चाक्रायण नावाचा विद्वान बायकोला घेऊन एका परक्या गावात कसाबसा दिवस काढतोय. तिथे एक हत्तीवाला उडीद खात बसलेला दिसतो, हा त्याच्याकडे मागतो. तो म्हणतो माझ्याकडे एवढेच आहेत, पानातले. उषस्ती म्हणतो चालतील, दे. उष्टे उडीद घेतो. मग तो माणूस चांगुलपणाने पाणीही पुढे करतो, तर हा म्हणतो नको, ते उष्टं आहे. साहजिकच समोरचा विचारतो, अरे मग उडीद उष्टे नव्हते का? यावर उषस्तीचं उत्तर असं की ते खाल्ले नसते तर मी जगलो नसतो, पाणी मात्र मला हवं तिथे मिळेल. झालं, एवढंच. आपद्धर्माची लिमिट या दोन वाक्यांत आली, नियम मोडायचा तो जीव वाचण्यापुरता, त्यापुढे एक घोटही नाही.

ही गोष्ट सांगताना बहुतेक लोक इथेच थांबतात आणि पुढचा भाग गाळतात, जो मला जास्त इंटरेस्टिंग वाटतो. उरलेले उडीद त्याने बायकोला नेऊन दिले, तिला आधीच भिक्षा मिळाली होती म्हणून तिने ते ठेवून दिले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून हा काय म्हणतो, तर थोडं खायला मिळालं असतं तर चार पैसे मिळवता आले असते, पलीकडे राजाचा यज्ञ चाललाय, तो मलाच सगळ्या कामाला नेमेल. मग तेच शिळे उष्टे उडीद खाऊन तो यज्ञात जातो, तिथल्या पुरोहितांना अवघड प्रश्न विचारून गप्प करतो आणि त्यांच्याइतकीच दक्षिणा ठरवून घेतो. म्हणजे पहिल्या दिवशी जीव वाचवायला, दुसऱ्या दिवशी करिअरला. दुसऱ्या दिवसाबद्दल उपनिषद काहीच टिप्पणी करत नाही.

शांतिपर्वातली विश्वामित्राची गोष्ट जास्त प्रसिद्ध आहे आणि जास्त नाटकीही. भीष्म ती युधिष्ठिराला सांगतो. त्रेता आणि द्वापर यांच्या सांध्यावर 12 वर्षं पाऊस नाही, नद्या आटल्या, गावं ओस, आणि बायकोपोरांना सोडून भटकणारा विश्वामित्र चांडाळांच्या वस्तीत पोचतो. भीक मिळत नाही. एका झोपडीत कुत्र्याचं मांस टांगलेलं दिसतं, रात्री सगळे झोपल्यावर तो चोरायला शिरतो आणि घरमालक जागा होतो. पुढे जे होतं ते वाचताना हसू येतं आणि अंगावरही येतं, कारण तो चांडाळ ऋषीला धर्म समजावून सांगायला लागतो, की कुत्रा हा प्राण्यांत हलका, त्यातही मांडीचं मांस सगळ्यात हलकं, तुमच्यासारख्याने असं करू नये महाराज. आणि ऋषी वकिलासारखा एकेक मुद्दा खोडत जातो, अगस्त्याने नाही का वातापी राक्षसाला खाल्लं, मरण्यापेक्षा जगणं बरं, जगला तर माणूस पुढे धर्म तरी करेल. शेवटी मांस घेऊन जातो, शिजवतो, देवांचे आणि पितरांचे भाग काढतो, आणि त्याच वेळी इंद्र पाऊस पाडतो.

यात दोन गोष्टी बघण्यासारख्या. एक म्हणजे पाऊस पडतो, आपत्ती संपते, म्हणजे ही मुभा तात्पुरती होती हे गोष्टच दाखवून देते. दुसरं म्हणजे हाच विश्वामित्र राजा असताना, रामायणाच्या बालकांडात, वसिष्ठाच्या आश्रमात पोटभर पाहुणचार घेतो आणि मग त्याचीच गाय जबरदस्तीने न्यायला निघतो. कोठारं भरलेली, सैन्य बरोबर, तरी गाय पाहिजेच. एकाच माणसाच्या नावावर दोन चोऱ्या आहेत, एक उपाशीपोटी आणि एक भरल्यापोटी, आणि दुसरीला परंपरेत कोणी आपद्धर्म म्हटल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

विक्रीची गोष्ट याहून वाईट आहे. ऐतरेय ब्राह्मणात हरिश्चंद्र राजाला वरुणाला मुलाचा बळी द्यायचा असतो, मुलगा रोहित रानात पळून जातो आणि तिथे त्याला अजीगर्त नावाचा उपाशी ऋषी भेटतो, तीन मुलांचा बाप. रोहित म्हणतो 100 गाई देतो, माझ्या बदल्यात एक मुलगा दे. बाप थोरल्याला जवळ ओढतो, आई धाकट्याला, राहिला मधला, शुनःशेप. इथपर्यंत आपल्याला बापाची कीव येते. पण यज्ञात मुलाला खांबाला बांधायला कोणी तयार होत नाही तेव्हा अजीगर्त म्हणतो अजून 100 गाई द्या, मी बांधतो. मग मारायला कोणी पुढे येत नाही, तर अजून 100 द्या, मी मारतो, आणि सुरीला धार लावत येतो. रेटकार्डच. पहिल्या 100 गाईंनंतर त्याच्या घरात भूक उरलेली नाही हे गोष्ट वेगळं सांगत बसत नाही, आकडे सांगतात. शुनःशेप देवांची स्तुती करून सुटतो आणि मग बाप म्हणतो चल घरी, तेव्हा मुलगा सरळ सांगतो की तू माझ्यापेक्षा 300 गाई पसंत केल्यास. त्याला मांडीवर घेणारा आणि मुलगा मानणारा कोण, तर पुन्हा विश्वामित्र. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात मात्र अजीगर्ताला भुकेच्या नावाखाली निर्दोष सोडलंय, विश्वामित्राच्याच यादीत बसवून. इथे मी तरी शुनःशेपाच्या बाजूने आहे.

हा बाप मराठी रंगभूमीवर पुन्हा येतो असं मला नेहमी वाटतं. विजय तेंडुलकरांचं घाशीराम कोतवाल 1972 साली पुण्यात पहिल्यांदा झालं, त्याच्या इतिहासाच्या खरेखोटेपणावरून जे वाद झाले ते बाजूला ठेवू. नाटकातला घाशीराम बायको आणि मुलगी घेऊन कनोजहून पुण्यात पोट भरायला आलेला आहे, सुरुवातीला त्याची सिच्युएशन सर्व्हायवलचीच आहे. दक्षिणा वाटपाच्या गर्दीत त्याच्यावर चोरीचा खोटा आळ येतो, मार खातो, कोठडीत जातो, हाकलला जातो, आणि पुण्याचं डुकरांचं राज्य करून दाखवीन अशी शपथ घेऊन परत येतो. मग नाना फडणवीसाला स्वतःची मुलगी देऊन कोतवाली घेतो. आता ही पोटासाठी केलेली गोष्ट आहे का? पोट तर कुठेही भरलं असतं. अपमानाची भूक ही खऱ्या भुकेचा आवाज काढते आणि तेंडुलकर ते बरोबर पकडतात, मुलगी मेल्यावर घाशीराम मोडतो पण कोतवाली सोडत नाही, उलट जास्त सुटतो. आणि नाना शेवटपर्यंत सुरक्षित, सगळं पाप घाशीरामाच्या खात्यावर. महत्त्वाकांक्षी माणसाला वापरून घेणारा त्याच्याहून मोठा महत्त्वाकांक्षी असतो, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

बाहेरच्या साहित्यात शेक्सपिअरचा मॅकबेथ (शिरवाडकरांनी त्याचं राजमुकुट केलं) हे महत्त्वाकांक्षेचं ठरलेलं उदाहरण. त्याला काहीच कमी नव्हतं, ताजी बढती मिळालेली होती. पण खून करून राजा झाल्यावर त्याची भाषा बघा, नुसतं राजा असून काय उपयोग, सुरक्षित असायला पाहिजे, म्हणून मित्र बँकोचा खून, म्हणून विरोधात गेलेल्या मॅकडफच्या बायकापोरांचा खून. हाव आधी आणि जीव वाचवणं मागून, आपत्ती स्वतःच तयार केलेली. राजकारणात हे इतकं कॉमन आहे की उदाहरणं देत नाही.

व्हिक्टर ह्यूगोच्या ले मिझेराब्ल (1862) या कादंबरीतला जाँ व्हालजाँ बहिणीच्या सात पोरांसाठी पाव चोरतो, पाच वर्षांची शिक्षा पळून जायच्या प्रयत्नांमुळे वाढत 19 वर्षांची होते, हे सगळ्यांना माहीत असतं. लोक विसरतात ती नंतरची चोरी. चोरलेली चांदी बिशपनेच देऊन सोडल्यावर, पिशवीत ऐवज असताना, तो रस्त्यात एका लहान पोराच्या नाण्यावर पाय ठेवतो आणि उचलत नाही. पोरगं रडत निघून जातं. ह्यूगोने तो प्रसंग मुद्दाम घातलाय, कारण पावाची चोरी व्हालजाँबद्दल काही सांगत नाही, ती समाजाबद्दल सांगते, नाण्याची चोरी त्याच्याबद्दल सांगते, आणि त्याचा पुढचा सगळा बदल तिथून सुरू होतो. दस्तयेव्हस्कीच्या क्राइम अँड पनिशमेंट (1866) मधला रास्कोल्निकोव्ह याच्या उलट बाजूने येतो. फाटका विद्यार्थी, भाडं थकलेलं, म्हातारी सावकारीण मारतो, पण लुटलेला माल न बघताच दगडाखाली पुरून ठेवतो. पुढे सोनिया नावाच्या मुलीजवळ कबुली देताना तो स्वतःच सांगतो की निव्वळ भुकेपायी मारलं असतं तर मी आज सुखी असतो. त्याला बघायचं होतं आपण नेपोलियनसारखे आहोत का. गरिबी खरी होती पण कारण ती नव्हती.

मराठीत पोटाच्या बाजूची सगळ्यात जबरदस्त कथा अण्णाभाऊ साठे यांची स्मशानातलं सोनं. वारणेकाठचा भीमा, अंगाने हत्तीसारखा, मुंबईला येतो, उपनगरातल्या खाणीत दगड फोडतो आणि एक दिवस खाण बंद पडते. मसणवट्यातल्या राखेत त्याला सोन्याचा तुकडा सापडतो, मग तो राख चाळायला लागतो, मग पुरलेली मढी उकरायला लागतो. घरात पैसा येतो, बायकोला भीती वाटते, याला वाटत नाही. आणि इथे कथा हळूच वळते कारण आता भीमा उपाशी नाही, त्याला धंदा सापडलाय, कुठल्या गावात कोण पैसेवाला मेला याची तो खबर ठेवतो. एका रात्री सावकाराच्या मढ्यासाठी तो कोल्ह्यांच्या कळपाशी झुंजतो, प्रेताच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात आणि शेवटी ती गमवावी लागतात. त्याच दिवशी बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली. दगड फोडणाऱ्या माणसाची बोटं गेली आणि काम परत आलं. अण्णाभाऊ भीमाला पापी म्हणत नाहीत आणि बिचाराही म्हणत नाहीत. विश्वामित्रासाठी पाऊस वेळेवर आला, भीमासाठी उशिरा.

किंमत कोण मोजतं हा प्रश्न तर महाभारतातच पडून आहे. लाक्षागृहातून पांडव सुटतात तेव्हा आत झोपलेली निषाद बाई आणि तिची पाच मुलं जळून जातात, आणि ती सहा प्रेतं म्हणजेच पांडव मेल्याचा पुरावा. द्रोणाच्या घरात पोराला दूध म्हणून पिठाचं पाणी, त्या गरिबीतून तो कुरूंच्या नोकरीत येतो आणि अंगठा द्यावा लागतो एकलव्याला. दोन्हीकडे वाचणारा एक, फेडणारा दुसरा, आणि फेडणारा रानातला.

त्यामुळे मनुस्मृतीचा तोच दहावा अध्याय पुन्हा उघडावा लागतो. तिथे ब्राह्मणाला अडचणीत क्षत्रियाचं, वैश्याचं काम करायची मुभा आहे, पण खालच्या जातीचा माणूस वरच्याच्या कामावर जगायला लागला तर त्याला लोभी ठरवून राजाने त्याचं धन काढून घ्यावं आणि हाकलून द्यावं असं लिहिलंय. म्हणजे कृती तीच, पोट भरायला दुसऱ्याचा व्यवसाय करणं, एकासाठी ती गरज आणि दुसऱ्यासाठी हाव. सर्व्हायवल आणि अँबिशन यातला फरक कॅरेक्टरच्या मनात शोधणाऱ्या समीक्षेने हे वाचायला पाहिजे, कारण इथे तो फरक जन्मावर ठरलेला आहे.

बाबुराव बागूल यांच्या जेव्हा मी जात चोरली होती या कथेतला (संग्रह 1963) नायक रेल्वेत नोकरीला लागतो आणि खोली मिळावी म्हणून जात लपवतो. शास्त्राच्या हिशेबाने ही चोरी, कथेच्या हिशेबाने आपद्धर्म. उघडकीला आल्यावर त्याला बेदम मारतात आणि शेवटी तो सोडवणाऱ्या मित्राला सांगतो की मला या लोकांनी नाही, मनूने मारलं. लक्ष्मण गायकवाड यांच्या उचल्या या आत्मकथनात तर अख्ख्या जमातीवरच चोरीचा शिक्का आहे, इंग्रजांच्या 1871 च्या कायद्याने अशा जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, 1952 मध्ये तो कायदा गेला तरी पोलिसांचं दारात येणं थांबलं नाही. तिथे खिसे कापण्याचं शिक्षण घरातच मिळतं, पकडल्यावर मार सहन करायचं सुद्धा, आणि आपत्ती 12 वर्षांची नसते, ती पिढ्यांची असते. म्हणून त्या पुस्तकात चोरी बरोबर की चूक यावर फार खल नाही. शाळेत जाणं, लातूरच्या सूतगिरणीत पगारावर लागणं, ज्याला शास्त्राने लोभ म्हटलं असतं, तेच त्या घरात चोरीतून बाहेर पडायचा एकुलता एक रस्ता आहे, आणि त्यालाही पहिला विरोध घरातून आणि जातपंचायतीतून होतो.