घोडी आधी, प्रस्ताव नंतर : करार कायद्याच्या अभ्यासक्रमाची पार्श्वभूमी

करार कायद्याचा पहिला तास बहुतेक विद्यापीठांत ‘प्रस्ताव’ या शब्दाने सुरू होतो. मग स्वीकृती, प्रतिफल (म्हणजे वचनाच्या बदल्यातला मोबदला), करारभंग, आणि सत्र संपता संपता घाईघाईत नुकसानभरपाई. इतिहास मात्र उलट्या टोकाने चालत आला. आधी कुणाचं तरी नुकसान झालं, त्याने दाद मागितली. करार म्हणजे नेमकं काय, हे विचारायला कित्येक शतकं जावी लागली.

1348 सालचा इंग्लंडमधला खटला बघा. हंबर नदीवरच्या एका नावाड्याने घोडी सुखरूप पैलतीरी पोचवायचं कबूल केलं. नावेत त्याने आणखी जनावरं कोंबली आणि घोडी दगावली. मालकाकडे मोहोरबंद दस्त नव्हता. त्याशिवाय राजाच्या कोर्टात वचनभंगाचा दावा उभा राहत नसे, आणि नावाड्याच्या बाजूने नेमका हाच आक्षेप आला. कोर्ट बधलं नाही: नाव जादा भरून घोडी मारली, हाच अपराध. अशाच दाव्यांतून पुढे ‘असम्पसिट’ हा दाव्याचा प्रकार रुळला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘त्याने अंगावर घेतलं’. 1602 च्या स्लेड खटल्यानंतर साध्या तोंडी सौद्यातल्या येणे रकमेसाठीही ही वाट मोकळी झाली.

तरीही स्वतंत्र विषय म्हणून करार कायदा नव्हताच. 1760 च्या दशकात इंग्रज कायदेपंडित ब्लॅकस्टोन यांनी इंग्लंडच्या कायद्यावरच्या आपल्या ग्रंथात, मालमत्तेच्या खंडात, त्याला थोडीशी जागा दिली. पॉवेल यांचा करारांवरचा इंग्रजी ग्रंथ आला 1790 मध्ये. फ्रेंच कायदेपंडित पोतिए यांच्या ग्रंथाचं 1806 मध्ये इंग्रजी भाषांतर झालं आणि विखुरलेल्या निवाड्यांना सिद्धांताची चौकट मिळाली.

आज वर्गात प्राध्यापक उभं करून विचारतात, “या खटल्यात काय घडलं?” ती पद्धत अमेरिकेतल्या हार्वर्ड लॉ स्कूलच्या लँगडेल यांची. 1870 मध्ये ते डीन झाले, 1871 मध्ये त्यांचा निवाड्यांचा संग्रह निघाला, आणि तो करारांवरचाच होता. व्याख्यान उतरवून घ्यायची सवय असलेले विद्यार्थी सुरुवातीला नाराज झाले. माझ्या मते विद्यार्थ्याला मूळ निवाड्यापुढे बसवणं हे त्यांचं मोठं काम. पण निवाड्यांतून मोजकी शाश्वत तत्त्वं गाळून घेण्याच्या त्यांच्या हट्टामुळे माणसं आणि त्यांची नुकसानं मागे पडली, याचं वाईट वाटतं. 1947 मध्ये अमेरिकन कायदेपंडित लॉन फुलर यांनी आपलं पाठ्यपुस्तक मुद्दाम नुकसानभरपाईपासून सुरू केलं, ते मला जास्त पटतं.

नुकसानभरपाईपासून सुरुवात करायची तर हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल, 1854, हा खटला आधी वाचावा. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरच्या गिरणीत यंत्राचा दांडा मोडला. नवा घडवायला नमुना म्हणून तो ग्रीनिचला पाठवायचा होता. वाहतूकदारांनी उशीर केला, गिरणी बंद राहिली. बुडालेला नफा मिळाला नाही, कारण दांडा पोचेपर्यंत गिरणी ठप्प राहणार ही खास परिस्थिती करार करताना दोन्ही पक्षांच्या ध्यानात होती, असं कोर्टाने धरलं नाही.

1872 च्या भारतीय करार कायद्यात, कलम 73 च्या एका उदाहरणात, ही गिरणी पुन्हा भेटते. तिथे गिरणीमालक ‘अ’ हा यंत्र पोचवणाऱ्या वाहतूकदाराला, म्हणजे ‘ब’ला, आधीच सांगतो की यंत्राअभावी गिरणी थांबली आहे. म्हणून उशिराच्या दिवसांचा सरासरी नफा ‘अ’ला मिळतो. त्या उशिरापायी हातचं गेलेलं सरकारी कंत्राट मात्र भरून मिळत नाही.