पार्श्वभूमी : ‘काउंट्स अप टू’मधला शेवटचा आकडा

इंग्रजी डेटाशीट (सुट्या भागांची माहितीपत्रकं) आणि मॅन्युअलमध्ये ‘काउंट्स अप टू १०’, म्हणजे ‘१० पर्यंत मोजतो’, अशी वाक्यं सर्रास सापडतात. मोजणी चढती आहे, एवढं त्यातून नक्की कळतं. १० धरायचा की ९ वर थांबायचं, हे कळत नाही.

१९३०च्या दशकात किरणोत्सारी कण मोजायला इलेक्ट्रॉनिक काउंटर आले, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. जेवढे कण, तेवढी मोजणी. पुढे चिपमधला डिकेड काउंटर, म्हणजे दहा-दहाच्या फेऱ्यांत मोजणारा काउंटर, आला आणि घोळ सुरू झाला. तो ० ते ९ मोजतो आणि दहाव्या पल्सला (विजेच्या ठोक्याला) परत शून्यावर येतो. दहा पल्स मोजतो, पण १० कधीच दाखवत नाही. त्याला ‘अप टू टेन’ म्हटलं तर १० धरणारा आणि ९ वर थांबणारा, दोन्ही वाचक आपापल्या परीनं बरोबर ठरतात.

प्रोग्रामिंगमध्ये दोन वळणं पडली. १९६४च्या बेसिक या भाषेतल्या ‘फॉर आय = १ टू १०’मध्ये १० धरलेला असतो. सी भाषेत शून्यापासून ‘एनपेक्षा लहान’ असेपर्यंत मोजायची सवय रुजली, म्हणजे एन बाहेर.

या वादात १९८२चं एक छोटं टिपण फार गाजलं. मोजणी शून्यापासून का करावी, एवढ्यासाठीच ते आजही पुढे केलं जातं. माझ्या मते त्यातला खरा ऐवज टोकांविषयीचा आहे. पल्ला (कुठल्या आकड्यापासून कुठल्या आकड्यापर्यंत) लिहायच्या चार पद्धती मांडून लेखकानं खालचं टोक आत आणि वरचं बाहेर, ही पद्धत निवडली. तसं केलं की दोन टोकांची वजाबाकी हीच पल्ल्याची लांबी, आणि एक पल्ला संपतो तिथूनच पुढचा सुरू होतो. चारही पद्धतींची सोय असलेल्या एका भाषेचा अनुभवही त्यानं दिला आहे: उरलेल्या तीन पद्धती तिथे सतत चुकांना कारण ठरत होत्या.

कोडनं हे बरंचसं ऐकलं. २०१४ साली एका नव्या प्रोग्रामिंग भाषेत पल्ला लिहिताना दोन टिंबं म्हणजे शेवटचा आकडा बाहेर आणि तीन टिंबं म्हणजे आत, असा भेद होता. चाचणी आवृत्तीतच तो बदलून दोन टिंबांपुढे ‘पेक्षा लहान’चं चिन्ह लावलं गेलं. इंग्रजी गद्यात मात्र ‘अप टू’ तसंच राहिलं. तिथे ‘अप टू अँड इन्क्लुडिंग’ किंवा ‘फ्रॉम ० थ्रू ९’ लिहायला दोन-तीन शब्दच जास्त लागतात, आणि ते लिहायलाच हवेत.

टायमरमध्ये ही हयगय मोजून दाखवता येते. अप मोडमध्ये (चढत्या मोजणीत) चिपमधला टायमर शून्यापासून रजिस्टरमधल्या, म्हणजे मर्यादा लिहून ठेवायच्या जागेतल्या, आकड्यापर्यंत जातो, तो आकडा धरून. त्यामुळे एक मेगाहर्ट्‌झ क्लॉकवर (सेकंदाला दहा लाख ठोके) एक मिलिसेकंद हवा असेल तर रजिस्टरमध्ये ९९९ लिहावे लागतात. १००० लिहिले की १००१ पायऱ्या होतात, आणि त्यावर चालणारं घड्याळ दिवसाला सुमारे ८६ सेकंद मागे पडतं.