परदेशी चालणारा दवाखान्याचा कागद : शिक्क्यांची पूर्वकथा

धंतोलीतल्या खासगी दवाखान्याची डिस्चार्ज समरी आणि मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांतून मिळालेलं प्रमाणपत्र, या दोन कागदांत नागपुरात कुणी फारसा भेद करत नाही. आजार तोच, औषधं तीच, आणि बरेचदा दोन्हीकडचे डॉक्टरही मेडिकलमध्येच शिकलेले. हे कागद परदेशात दाखवायची वेळ आली की मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. मेडिकलमधली सही सरकारी अधिकाऱ्याने पदावर बसून केलेली असते. धंतोलीतले डॉक्टर कितीही नावाजलेले असोत, कायद्याच्या नजरेत त्यांची सही एका खासगी माणसाची. मग तिच्याखाली आधी नोटरी, नंतर राज्य सरकार, नंतर केंद्र सरकार आणि काही देशांसाठी वर दूतावास अशी उतरंड चढत जाते.

मुलीला नर्सिंगच्या नोकरीसाठी फिटनेस हवा असतो, मुलाला विद्यापीठात लसीकरणाचा दाखला, लेकाकडे राहायला निघालेल्या वडिलांना बायपासचे कागद. एजंट शिक्क्यांची यादी हातात ठेवतो आणि घरचे मुकाट्याने पैसे मोजतात. यातला एकही शिक्का माणूस निरोगी आहे की आजारी, याबद्दल अवाक्षर काढत नाही. हे असं का झालं ते कळायला थोडं मागे जावं लागतं, आणि सुरुवात दवाखान्यात होत नाही, बंदरात होते.

प्लेगच्या काळात इटलीतली शहरं बाहेरून येणाऱ्या माणसाकडे आरोग्याचा परवाना मागत: हा जिथून आला तिथे साथ नाही, एवढंच त्यात लिहिलेलं असे. पुढे जहाजांसाठी हीच पद्धत पक्की झाली. जहाज निघताना बंदराचा अधिकारी आरोग्यपत्र द्यायचा आणि ज्या देशात जहाज जायचं त्या देशाचा वाणिज्यदूत त्यावर आपला शिक्का मारायचा. शिक्क्याची फी असे. फी मिळते म्हटल्यावर शिक्का लवकर सुटत नाही, हे वेगळं सांगायला नको.

१८५१ मध्ये पॅरिसला पहिली आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. विषय होता कॉलरा, आणि बोट लवकरच हिंदुस्थानकडे वळलं. १८६५ मध्ये मक्केत कॉलरा पसरला. दुसऱ्या वर्षी कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने रोगाचं मूळ गंगेच्या खोऱ्यात असल्याचं मांडलं आणि हज यात्रेकरूंच्या जहाजांवर नजर बसली. तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर हिंदुस्थानातल्या यात्रेकरूंना क्वारंटाइनमध्ये ठेवलं जाऊ लागलं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९७ मध्ये व्हेनिसला खास प्लेगवर परिषद झाली, त्याच वर्षी इकडे साथरोगांचा कायदा आला आणि रेल्वे स्थानकांवर उतारूंची तपासणी सुरू झाली. आज नागपूर विमानतळावरून हजला जाणारा माणूस मेनिंजायटिसच्या लशीचा दाखला सोबत नेतो. ती अट १९८७ च्या हजमधल्या साथीनंतरची असली, तरी यात्रेकरूकडे आरोग्याचा कागद मागण्याची रीत या जुन्या परिषदांपासून चालत आलेली आहे.

या सगळ्या इतिहासातली मला सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. २२ डिसेंबर १९३४ ला पॅरिसमध्ये दोन छोटे करार झाले. एकाने जहाजांची आरोग्यपत्रंच रद्द करण्याची वाट मोकळी केली, दुसऱ्याने आरोग्यपत्रांवरचे वाणिज्यदूतांचे शिक्के. म्हणजे बाकीच्या सरकारी कागदांवरचे दूतावासाचे शिक्के कमी करण्याचा मोठा करार व्हायला अजून सत्तावीस वर्षं होती, तेव्हाच आरोग्याच्या एका कागदाने या जाचातून सुटका करून घेतली होती. तारेने आणि रेडिओने साथीच्या बातम्या जहाजाआधी बंदरात पोचू लागल्या होत्या. बातमी आधीच आली असेल तर कागदावरचा शिक्का सांगणार तरी काय?

त्याच सुमारास विमानं आली. १९३३ मध्ये हेगला हवाई प्रवासासाठी वेगळा आरोग्य करार झाला, आणि १९४४ च्या त्याच्या सुधारित रूपात देवी, कॉलरा, पीतज्वर यांच्या लशींच्या दाखल्यांचे ठरीव नमुने आले. १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते आपल्या नियमांत घेतले. सगळीकडे एकच नमुना, ठरलेल्या भाषा, डॉक्टरची सही आणि लसीकरण केंद्राचा ठसा. नोटरी नाही, मंत्रालय नाही, दूतावास नाही. कॉलऱ्याच्या दाखल्याची अट १९७३ मध्ये गेली. देवी संपल्याचं १९८० मध्ये जाहीर झालं आणि पुढच्याच वर्षी संघटनेच्या आरोग्य सभेने तो दाखलाही मोडीत काढला. पीतज्वराचा पिवळा दाखला तेवढा उरला. त्याची मुदत आधी दहा वर्षांची होती, ११ जुलै २०१६ पासून ती आयुष्यभराची झाली. भारतात हा रोग नाही, पण तो पसरवणारा डास घरोघरी आहे. म्हणून आफ्रिकेतून किंवा दक्षिण अमेरिकेतून येणाऱ्यांचा हा दाखला आपलं सरकार फार कडकपणे तपासतं.

या दाखल्याच्या नियमांत एक वाक्य आहे, जे मला सगळ्या सरकारी खिडक्यांवर लावावंसं वाटतं. २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांच्या सहाव्या परिशिष्टानुसार कागदी दाखल्यावर डॉक्टरची हाताने केलेली सही हवी आणि लस देणाऱ्या केंद्राचा अधिकृत ठसाही हवा. पण ठसा हा सहीला पर्याय धरला जाणार नाही.

बाकीचे कागद, म्हणजे फिटनेस, उपचाराचा इतिहास, जन्ममृत्यूचे दाखले, अपंगत्वाचं प्रमाणपत्र, यांच्या नशिबी असा ठरीव नमुना आला नाही. ते जुन्याच रांगेत राहिले. त्या रांगेचं तत्त्व साधं आहे: दूरच्या देशातल्या कारकुनाला नागपूरच्या डॉक्टरची सही ओळखता येत नाही, म्हणून प्रत्येक पायरीवरचा माणूस फक्त खालच्या पायरीवरच्या माणसाची सही ओळखतो. नोटरी रुग्णाला किंवा डॉक्टरला ओळखतो, राज्य नोटरीला, केंद्र राज्याला आणि दूतावास केंद्राला.

यातली नोटरीची पायरीसुद्धा आपल्याकडे ब्रिटिशांमार्फत आली. हुंडीच्या व्यवहारांपुरते नोटरी १८८१ च्या कायद्याखाली नेमले जात. त्यापलीकडचा अधिकार मात्र इंग्लंडमधल्या एका धर्मपीठीय न्यायालयाकडून येई, आणि ते न्यायालय कँटरबरीच्या आर्चबिशपच्या अखत्यारीत होतं. स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये आपला नोटरी कायदा केला तेव्हा हा धागा तुटला. आज कोर्टाच्या आवारात टेबल टाकून बसणारा नोटरी त्या कायद्याचा.

राज्याच्या पायरीची नागपुरी कहाणी जरा बोचरी आहे. मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी नागपूर होती आणि सचिवालय सिव्हिल लाइन्समध्ये. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, राजधानीचा मान गेला आणि राज्याच्या सहीचं घर अरबी समुद्राकाठी हललं. नागपूर करारामुळे हिवाळी अधिवेशन इथे होतं, त्या दिवसांत मंत्री, सचिव, फायली सगळं विमानाने आणि रेल्वेने येतं. वर्षाचे उरलेले महिने नागपूरकर कागद घेऊन उलट दिशेने जातो.

५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग कराराने या लांब उतरंडीतल्या शेवटच्या पायऱ्या कापल्या. दूतावासाऐवजी कागद जिथला त्याच देशाने एकच प्रमाणपत्र जोडायचं, अपोस्टिल. चौकोनी, निदान नऊ सेंटिमीटर बाजूचं, दहा क्रमांकित रकाने आणि फ्रेंच शीर्षक. करार २४ जानेवारी १९६५ ला अमलात आला. पाचव्या कलमात लिहिलं आहे की अपोस्टिल तीनच गोष्टी प्रमाणित करतं: सही खरी आहे, सही करणाऱ्याने कुठल्या नात्याने ती केली, आणि ठसा कुणाचा आहे. कागदातल्या मजकुराची जबाबदारी आपलं परराष्ट्र मंत्रालयही घेत नाही. रक्तगट चुकीचा छापला असेल तर तो रीतसर अपोस्टिलसह चुकीचाच जातो.

करार सार्वजनिक कागदांपुरता आहे. धंतोलीचा डॉक्टर इथेच अडतो. त्याचं पत्र थेट या व्याख्येत बसत नाही, पण खासगी सहीवर नोटरीने केलेली नोंद बसते. म्हणून खासगी दवाखान्याच्या कागदावर मिळणारं अपोस्टिल बहुधा नोटरीच्या सहीसाठी असतं, डॉक्टरच्या नव्हे. हे माहीत नसल्याने पुष्कळजण समजतात की दिल्लीने आपल्या डॉक्टरचं निदान तपासलं.

भारत या करारात यायला बराच वेळ लागला. १४ जुलै २००५ पासून तो आपल्याला लागू झाला. काही युरोपीय देशांनी भारताच्या प्रवेशावर हरकत घेतली. बहुतेकांनी पुढे ती मागे घेतली, जर्मनीने घेतली नाही. त्यामुळे जर्मनीला जाणाऱ्या कागदांना भारतीय अपोस्टिल पुरत नाही, आणि तिथलं कार्यालय मागेल त्याप्रमाणे पडताळणी होते. महाराष्ट्राने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून इथल्या परिचारिकांच्या आणि तंत्रज्ञांच्या घरांत जर्मनीचं नाव जास्त ऐकू येतं. त्यांनी शेजारच्या फ्रान्सला गेलेल्या मित्राची यादी आंधळेपणाने उतरवू नये.

आखाताचं चित्र तुकड्यातुकड्यांचं. ओमान २०१२ पासून करारात, बहारीन २०१३ च्या अखेरपासून, सौदी अरेबिया डिसेंबर २०२२ पासून. संयुक्त अरब अमिराती बाहेरच, म्हणून दुबईला अजून जुनीच उतरंड: परराष्ट्र मंत्रालयाचं अटेस्टेशन म्हणजे साक्षांकन, मग दूतावास, मग तिकडे पोचल्यावर तिथलं परराष्ट्र खातं. कॅनडा ११ जानेवारी २०२४ ला आत आला. त्याआधीची माहिती धरून सल्ला देणारे अजून भेटतात.

कागद पोचवण्याची रीतही बदलत गेली. पूर्वी दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयाच्या पतियाळा हाउसमधल्या खिडकीवर स्वतः रांग लावता येई. २०१२ पासून कागद नेमलेल्या एजन्सींमार्फतच घेतले जाऊ लागले. जानेवारी २०१९ पासून हे काम दिल्लीबाहेरच्या शहरांतही सुरू झालं. नागपूरकरांना त्यातली मुंबई सोयीची पडते, कारण वैयक्तिक कागदांसाठी लागणारा राज्याचा शिक्काही मंत्रालयातलाच. अपोस्टिलची सरकारी फी कागदामागे ५० रुपये. त्याच्या वर एजन्सीचा आकार, आणि त्याच्याही वर एजंट जे सांगेल ते. २०१७ मध्ये कागद ऑनलाइन पडताळणारी ई-सनद आली, पण तिचा फायदा ज्यांचे मूळ कागद संस्थेने डिजिटल जपलेत त्यांना. हाताने लिहिलेल्या केसपेपरला ती काय करणार?

गंमत अशी की देशातल्या देशात राजपत्रित अधिकाऱ्याकडून नक्कल साक्षांकित करून आणण्याची सक्ती २०१४ पासून सैल होत गेली, स्वतःची सही पुरू लागली.

काही देशांनी मात्र या साऱ्या शिक्क्यांवर विश्वासच ठेवला नाही. त्यांनी डॉक्टरच आपला निवडला. अमेरिकेचा इमिग्रंट व्हिसा, कॅनडाचा स्थलांतर अर्ज यांत ठरवून दिलेल्या पॅनेलवरच्या डॉक्टरकडेच तपासणी होते आणि निकाल थेट त्या सरकारकडे जातो. आखाती नोकरीसाठीची तपासणी व्यवस्था, म्हणजे आधीची गामका, आताची वाफिद, याच धर्तीची. तिथे आपल्या फॅमिली डॉक्टरच्या कागदाला अपोस्टिल लावून नेलं तरी तपासणी चुकत नाही. या पद्धतीची दुसरी बाजूही आहे: १९८७ पासून जानेवारी २०१० पर्यंत अमेरिकेने एचआयव्ही असलेल्यांना दार बंद ठेवलं होतं. त्या काळात रिपोर्ट जितका खरा, तितकी रुग्णाची अडचण मोठी.

कोविडमध्ये सगळे धागे एकत्र आले. सप्टेंबर २०२१ मध्ये ब्रिटनने कोविशिल्ड मान्य केली, पण भारतातून आलेल्यांचं लसीकरण मान्य केलं नाही. लस तीच, ब्रिटिश संशोधनातूनच निघालेली; अडचण प्रमाणपत्राची असल्याचं सांगितलं गेलं. भारताने ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश प्रवाशांना तशीच वागणूक दिली, आणि ११ ऑक्टोबरपासून ब्रिटनने नियम सैल केले. दरम्यान कोविनवर परदेश प्रवासासाठी पूर्ण जन्मतारखेचा वेगळा नमुना आला. सक्करदऱ्यातला माणूस घरबसल्या क्यूआर कोडचा कागद काढून विमानात बसू लागला. नोटरीकडे कुणी गेलं नाही.

त्या अनुभवावर जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये डिजिटल प्रमाणपत्रांचं जागतिक जाळं सुरू केलं, युरोपीय संघाची यंत्रणा पाया धरून. जून २०२४ मध्ये आरोग्य नियमांत दुरुस्त्या मंजूर झाल्या आणि १९ सप्टेंबर २०२५ ला त्या अमलात आल्या. प्रवाशांच्या आरोग्य दाखल्यांना त्यांत डिजिटल रूपाची जागा दिली आहे. ही सोय त्या नियमांखालच्या दाखल्यांपुरती. वडिलांच्या बायपासचे कागद तिच्या बाहेर आहेत. त्यांच्यासाठी आधी ज्याने मागितले त्या परदेशी कार्यालयाकडून लेखी विचारून घ्यावं की अपोस्टिल हवं, दूतावासाचा शिक्का हवा, की लेटरहेडवर डॉक्टरच्या नोंदणी क्रमांकासह इंग्रजी पत्र पुरेल. शेवटचं उत्तर आलं, तर मंत्रालयाची वारी टळते. मूळ नोंदी दवाखान्याकडून मागून घ्याव्यात: २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरने भरती झालेल्या रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं ठेवायच्या आहेत, आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या आहेत.