तीर्थनच्या काठावर: ट्राउटला आपण केव्हा दिसतो

ट्राउट धरायला पहिल्यांदाच आलेला पाहुणा काठावर पोहोचला की सरळ पाण्याला भिडतो आणि नदीच्या मध्यावर, जमेल तितक्या लांब दोरी फेकतो. मासे मात्र बरेचदा त्याच्या पायांपासून दोन-तीन मीटरवरच असतात. त्याची चाहूल लागताच ते दगडाच्या कपारीत शिरतात. फ्लाय फिशिंग, म्हणजे कृत्रिम माशी लावून मासा धरणं, शिकवताना हात कसा फिरवायचा यावर फार वेळ जातो. माझ्या मते नवख्याने आधी उभं कुठे राहायचं ते शिकावं. त्यामागचं विज्ञान समजलं तर सात-आठ मीटर दोरीवरही मासा लागतो.

हे शिकायला सोयीची नदी म्हणजे हिमाचल प्रदेशातली तीर्थन. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानातल्या बर्फाळ उंचीवरून ती निघते, गुशैणीला फलाचन नदीचं पाणी घेते आणि लारजीपाशी बियासला मिळते. कुलू-मनालीला जाणारे आपले पर्यटक औटच्या बोगद्यातून पुढे निघून जातात. बंजार आणि तीर्थनचा रस्ता त्या बोगद्याच्या अलीकडेच फुटतो.

ट्राउट मूळचा इथला नाही. १९०० साली ब्राउन ट्राउटची अंडी स्कॉटलंडहून काश्मीरला आणली गेली आणि १९०९ मध्ये तिथली अंडी कुलूतल्या महिली इथल्या केंद्रात उबवली गेली. या नद्यांचा खरा रहिवासी स्नो ट्राउट. नावात ट्राउट असला तरी तो रोहू-कटलाच्या कुळातला मासा आहे. बाहेरून आणलेल्या ट्राउटशी अन्नासाठी आणि जागेसाठी त्याला झगडावं लागतं, हे ट्राउटच्या प्रेमात पडताना लक्षात ठेवलेलं बरं.

ट्राउट इथे रुजला तो गार पाण्यामुळे. पाणी जितकं थंड तितका त्यात प्राणवायू जास्त विरघळतो. समुद्रसपाटीच्या दाबाला १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम, २५ अंशांच्या पाण्यात ८ च्या आसपास. त्यात पाणी तापलं की माशाच्या शरीरातल्या क्रिया वेगाने चालतात आणि त्याला प्राणवायू जास्त लागतो. पुरवठा घटतो नेमका तेव्हाच गरज वाढते. १० ते १६ अंशांत ट्राउट मजेत असतो, २० अंशांच्या वर त्याला त्रास होऊ लागतो, २५ च्या पुढे जिवावर बेततं. म्हणूनच कृष्णा-गोदावरीत तो सापडत नाही आणि दक्षिणेत निलगिरी, मुन्नारसारख्या उंच, थंड ठिकाणीच टिकला आहे.

आता नदीकडे बघा. वाहत्या पाण्यात एका जागी थांबायलाही माशाला सतत पोहावं लागतं आणि त्यात शक्ती खर्च होते. पण त्याचं अन्न, म्हणजे वाहत येणारे किडे, वेगवान धारेतच जास्त येतं. ट्राउटने यावर शोधलेली तोड मला फार आवडते. तो संथ पाण्यात थांबतो आणि शेजारच्या धारेतून येणारा किडा झटकन पुढे होऊन टिपतो. तळाशी आणि काठाशी घर्षणामुळे पाण्याचा वेग कमी असतो. मोठ्या दगडाच्या मागे तसाच आडोसा तयार होतो, आणि दगडाच्या पुढच्या अंगालाही पाणी अडून थोडी मऊ जागा होते. जलद आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासून वाहतं तिथे फेसाची एक रेघ दिसते. तीर्थनमध्ये अशा रेघा पावलोपावली आहेत आणि कितीतरी काठाला लागूनच आहेत. पाण्यात न उतरता काठावरून मासा मिळतो तो यामुळे.

माशाला आपण कसे दिसतो हा यातला सर्वांत रंजक भाग. पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो, त्यामुळे बाहेरचं सगळं जग माशाला डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. या खिडकीचा कोन सुमारे ९७ अंश, आणि तिचा व्यास माशाच्या खोलीच्या सव्वादोन पट. अर्धा मीटर खोल असलेल्या माशाची खिडकी जेमतेम १.१ मीटरची. तिच्याबाहेर त्याला पृष्ठभागाच्या आरशात तळाचंच प्रतिबिंब दिसतं. काठावरची झाडं, डोंगर, माणसं ही सगळी त्या खिडकीच्या कडेला दाबली जाऊन उमटतात. पाण्याच्या पातळीपासून साधारण १० अंशांच्या खाली जे काही आहे ते इतकं चेपलेलं आणि अंधूक असतं की माशाला त्यातून फारसा बोध होत नाही.

याचा हिशेब मांडून बघा. पाण्याच्या पातळीवर उभा असलेला १७० सेंटिमीटर उंचीचा माणूस साधारण १० मीटरच्या आत आला की त्याचं डोकं १० अंशांच्या वर निघतं. तोच खाली बसला आणि त्याची उंची ९० सेंटिमीटर झाली तर पाच मीटरपर्यंत जाता येतं. केवळ गुडघ्यावर बसण्याने अंतर निम्मं होतं! शिवाय मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो आणि त्याच्या पाठीमागचा थोडा भाग त्याला दिसत नाही. त्यामुळे नदीच्या खालच्या अंगाने वर सरकत यावं, भडक कपडे टाळावेत आणि आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये. खळाळत्या पाण्यात ही खिडकी सतत तुटत असते, तिथे आणखी जवळ जाता येतं.

गप्पा मारायला हरकत नाही. हवेतल्या आवाजाची जवळपास सगळी ऊर्जा पाण्याच्या पृष्ठभागावरून परत फिरते. पण बुटांनी गोटे खडखडवले की ते कंपन जमिनीतून थेट पाण्यात उतरतं. माशाचा आतला कान ते टिपतो, आणि जवळपासच्या पाण्याची हालचाल त्याला पार्श्वरेषेने, म्हणजे अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या संवेदनशील रेषेने कळते.

कोकणात खाडीवर ज्यांनी गरवलं आहे त्यांना इथली दोरी विचित्र वाटेल. तिथे शिशाचं वजन पुढे जातं आणि तंगूस त्याच्यामागे ओढला जातो. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेल्या कृत्रिम माशीला म्हणण्यासारखं वजनच नसतं, म्हणून इथे दोरीच जड असते. नवख्याला सहसा देतात त्या पाच नंबरच्या दोरीच्या पहिल्या नऊ मीटरचं वजन सुमारे नऊ ग्रॅम. आसुडासारखा तिचा वळसा हवेत पुढे उलगडत जातो आणि शेवटी बारीक तंगुसाला बांधलेली माशी अलगद पाण्यावर टेकते. दोरी मागे पूर्ण सरळ होईपर्यंत क्षणभर थांबायचं आणि मग पुढे आणायची. एवढं जमलं तरी पहिल्या दिवशी पुरे.

खरी अडचण माशी पाण्यावर टेकल्यानंतर सुरू होते. मधली दोरी वेगवान धारेत पडली की ती माशीला ओढू लागते, आणि खरा किडा कधी प्रवाहाला असा कापत जात नाही. ट्राउट लगेच तोंड फिरवतो. यावर उपाय म्हणजे दांडी उंच धरून जास्तीत जास्त दोरी पाण्याबाहेर ठेवणं, किंवा दोरीचा पोटाचा भाग झटका देऊन प्रवाहाच्या वरच्या दिशेला टाकणं. दोरी जितकी कमी तितकं हे सोपं. लांब फेकणाऱ्याला न मिळालेला मासा जवळ टाकणाऱ्याला मिळतो तो इथे.

कुठली माशी बांधायची ते नदीलाच विचारावं. काठाजवळचा एखादा दगड उलटून बघा: त्याला चपट्या अंगाची, तीन शेपट्यांची मेफ्लाय या किड्याची पिल्लं आणि वाळूच्या कणांची घरं करून राहणाऱ्या कॅडिस या किड्याच्या अळ्या चिकटलेल्या दिसतील. दगड पुन्हा जसा होता तसा ठेवा. ट्राउट बहुतेक खाणं पाण्याखालीच खातो, त्यामुळे या पिल्लांसारखी दिसणारी, बुडणारी माशी नवख्याला जास्त फळते. संध्याकाळ झाली की हे किडे तळ सोडून मोठ्या संख्येने वाहू लागतात. तेव्हा दांडी गुंडाळून परत निघू नका.

उन्हाळ्यात एक गोष्ट मात्र जिवाची. दिवसभर वितळलेल्या बर्फाचं पाणी दुपारनंतर खाली पोहोचतं, नदी चढते आणि गढूळ होते. सकाळी पाऊल टाकून गेलेला दगड परतताना पाण्याखाली असू शकतो. वर पाऊस झाला असेल तर क्षणात काठ सोडावा. जुलै-ऑगस्टमध्ये या फंदात पडूच नये.

मत्स्य विभागाचा परवाना आधी घ्या. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाका, मासा सोडताना हात ओले करा, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर निघतो, आणि त्याला शक्यतो पाण्याबाहेर काढूच नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारी बंद असते, कारण ब्राउन ट्राउट हिवाळ्यात तळाच्या खडीत अंडी पुरतो. थंड पाण्यात ती सावकाश उबतात आणि पिल्लं काही काळ खडीतच राहतात. म्हणून मार्चमध्ये हंगाम उघडल्या उघडल्या गेलात तर उथळ पाण्यातल्या स्वच्छ, बारीक खडीवर पाय देऊ नका. काठावरूनच दोरी टाका.